६० दिवस पडून राहायचंय म्हणतो, जाऊ देऊ का?

ऐरोलीहून एका आईंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. मुलगा २६ वर्षांचा, एरोस्पेसमध्ये एमएस करायला जर्मनीत गेलाय, दोन वर्षं झाली, जर्मनही चांगली बोलतो. कोलोनला जर्मनीच्या अंतराळ संस्थेचं केंद्र आहे, तिथे निरोगी माणसांना दोन-दोन महिने बेडवर झोपवून ठेवतात आणि लांबच्या अंतराळ प्रवासात शरीराचं काय होतं ते त्यावरून बघतात. पुढची भरती निघाली की याला नाव द्यायचंय. पैसे चांगले मिळतात, आणि डोक्यावर २२ लाखांचं एज्युकेशन लोन आहे. वडील म्हणतात, "पडून तर राहायचंय, त्यात काय एवढं, घरी आला की बारा वाजेपर्यंत लोळतोच की." आई मात्र घाबरल्यात. सुनीता विल्यम्सना स्ट्रेचरवरून नेताना टीव्हीवर पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये, त्यात नेटवर वाचलं की हाडं पोकळ होतात, डोळे जातात, डीएनए बदलतो, पुढे मूलबाळ व्हायला अडचण येते. सासूबाई गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडून चार महिने अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं यांनीच केलं, आणि तेव्हापासून सकाळी खाडीच्या बाजूला फिरायला जायच्या तेही सुटलं. त्या विचारतात, "हा काही अंतराळात जाणार नाहीये, मग दुसऱ्यांसाठी स्वतःच्या शरीराची वाट का लावून घ्यायची? त्याला माझी शपथ घातली तर चुकेल का?"

ताई, शपथेचं नंतर बोलू. आधी तुमच्या मिस्टरांचं म्हणणं घेते, कारण असं म्हणणारे ते एकटे नाहीत, आपल्याकडे ताप येवो, बाळंतपण होवो नाहीतर पाय मुरगळो, पहिला सल्ला "पडून राहा" हाच असतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांवर एक प्रयोग झाला. सगळे विशीतले, धडधाकट. त्यांना तीन आठवडे बेडवर झोपवून ठेवलं, बस, एवढंच, औषध नाही की इंजेक्शन नाही. उठल्यावर मोजलं तर शरीराची ऑक्सिजन वापरायची ताकद, आपण ज्याला साध्या भाषेत दम म्हणतो, ती पाव हिश्श्याहून जास्त कमी झालेली. मग ३० वर्षांनी, १९९६ मध्ये, तेच पाच जण परत बोलावले. आता पन्नाशीला आलेले, वजनं वाढलेली. परत तीच मोजणी केली. तर निघालं काय, की विशीत तीन आठवडे झोपून जेवढा दम गेला होता तेवढा पुढच्या ३० वर्षांच्या वयानेही गेला नव्हता! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे चुकीचे छापलेत असं वाटून दोनदा तपासले होते. त्या पाच जणांना नंतर सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम करायला लावला आणि वयाने गेलेला दम सगळा भरून आला, हे पण लक्षात असू द्या.

तेव्हा मिस्टरांना सांगा, दुपारी बारापर्यंत लोळणारा मुलगा पाण्यासाठी उठतो, बाथरूमला जातो, फोन चार्जिंगला लावायला उठतो. कोलोनच्या बेडवर यातलं काहीच नसतं. २०१९ मध्ये तिथे नासाबरोबर मिळून असा एक प्रयोग झाला होता, २४ जण होते, १२-१२ च्या दोन बॅच. ६० दिवस बेडवर, आधीची तपासणी आणि नंतरची रिकव्हरी धरून ८९ दिवस. जेवण, आंघोळ, संडास, लघवी सगळं आडव्यानेच, एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा, आणि बेड सपाट पण नाही, डोक्याकडे ६ अंश खाली उतरता. मानधन १६,५०० युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने १३ लाखांच्या आसपास. हा पैसा लोळण्याचा नाहीये, जे सोसायचंय त्याचा आहे.

आता ते डोकं खाली कशाला, तर त्याची एक गोष्ट सांगतात. जुने रशियन अंतराळवीर परत आले की रात्री झोपेना, म्हणायचे आम्ही पायाकडून घसरून बेडच्या खाली पडतोय असं वाटतं. मग पायाकडची बाजू उचलून दिली की त्यांना बरं वाटायचं. वर वजन नसतं ना, त्यामुळे एरवी पायात उतरणारं रक्त-पाणी छातीत, तोंडाकडे चढून बसतं, चेहरे सुजल्यासारखे गोल होतात आणि पाय बारीक. शरीर त्याची सवय करून घेतं, मग जमिनीवर सरळ झोपलं तरी त्याला उलटंच वाटतं. त्यावरूनच ही युक्ती निघाली, की माणसाला थोडं उलट्या उतारावर झोपवलं तर अंतराळात न जाताही अंतराळाचं बरंचसं शरीरात घडवता येतं. पायावर भार नाही, आणि पाणी डोक्याकडे.

आणि भार गेला की शरीर लगेच हिशोब करायला लागतं. हाड आपल्याला भिंतीसारखं वाटतं, एकदा बांधली की झाली, पण ते तसं नसतं, ते ठाण्यातल्या रिडेव्हलपमेंटसारखं असतं, एकीकडे पाडकाम चालू आणि दुसरीकडे बांधकाम, कायम, तुमच्या-माझ्या शरीरात आत्ता पण. बांधकामाला ऑर्डर कुठून येते तर पाऊल जमिनीवर आपटण्यातून, जिना चढण्यातून, भाजीची पिशवी उचलण्यातून. अंतराळात ती ऑर्डर बंद होते, पाडकाम मात्र चालूच राहतं. व्यायाम वगैरे काही केलं नाही तर कंबर-खुब्याची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात, म्हातारपणी वर्षभरात साधारण जेवढं जातं तेवढं एका महिन्यात. सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं म्हणून मुतखड्याची भीती. स्नायूंचं त्याहून लवकर होतं, आणि पिंढरी, मांडी, पाठ हे आधी जातात कारण दिवसभर उभं धरून ठेवायचं काम त्यांचं. १९७० साली सोयुझ ९ या रशियन यानातून दोघं जण १८ दिवसांनी उतरले तर त्यांना उचलून न्यावं लागलं, चालताच येईना. आणि १९९५ मध्ये वालेरी पोल्याकोव्ह सलग ४३७ दिवस मीर या रशियन अंतराळ स्थानकात राहून उतरले तर कॅप्सूलपासून खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायाने चालत गेले. ते स्वतः डॉक्टर होते आणि वर रोज व्यायाम करत होते. आज स्पेस स्टेशनवर सगळ्यांनाच दिवसाचे दोन-अडीच तास व्यायामाला द्यावे लागतात, ट्रेडमिलवर पट्ट्यांनी खाली ओढून धरून पळायचं, वर कशालाच वजन नसतं म्हणून दाबाच्या मशीनवर जोर लावायचा.

मला हे सगळं पुस्तकी वाटायचं, माझी आई पडेपर्यंत. नौपाड्याच्या घरी बाथरूममध्ये पाय घसरला आणि नऊ आठवडे बेडवर. फिजिओवाली मुलगी तिला पहिल्यांदा उभं करायला आली त्या दिवशी मी आईच्या पायात मोजे घालत होते आणि हाताला तिच्या टाचा लागल्या. आयुष्यभर भेगाळलेल्या टाचा होत्या त्या, हिवाळ्यात कोकम तेल लावायची, साडीचा काठ अडकायचा त्यात. त्या बाळाच्या टाचांसारख्या मऊ झाल्या होत्या. जमिनीला टेकवल्या तर आई कळवळली, म्हणाली फरशी टोचते गं. नंतर कधीतरी वाचलं की अंतराळवीरांचं अगदी हेच होतं, तळव्यांची कडक कातडी निघून जाते, आणि वर्षभर राहून आलेल्या स्कॉट केलींना परत आल्यावर नुसतं उभं राहणं तळपायांना सोसत नव्हतं. त्या दिवसापासून मला अंतराळ आणि आईची खोली वेगळी वाटत नाही.

आता तुम्ही नेटवर वाचलेल्या गोष्टी. डीएनए बदलतो ही बातमी त्या स्कॉट केलींचीच. ते २०१५-१६ मध्ये ३४० दिवस वर होते आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क खाली, दोघांच्या तपासण्या जोडीने केल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. डीएनए बदललाच नव्हता. कुठलं जीन किती काम करतं, त्याचं कमी-जास्त झालं होतं, त्यातलं बहुतेक सहा महिन्यांत जागेवर आलं, थोडं मागे राहिलं, आणि बातम्या देणाऱ्यांनी त्याचा "७ टक्के डीएनए बदलला" असा अर्थ लावला. मूलबाळाची भीती मुख्यतः रेडिएशनमुळे असते, आणि ते वर असतं. स्पेस स्टेशनवर सहा महिन्यांत जे अंगावर पडतं ते छातीचे शेकडो एक्स-रे काढल्यासारखं असतं, आणि मंगळावर जायचं तर नुसतं पोचायलाच सहा ते नऊ महिने, तिथे हा प्रश्न मोठा आहे. कोलोनच्या खोलीत अंतराळाचं रेडिएशन नाही, तुमच्या ऐरोलीच्या घरासारखीच ती खोली. फक्त तपासणीत एक्स-रे, हाडांचे स्कॅन किती आहेत ते विचारून घ्यायचं. स्ट्रेचरचं म्हणाल तर सुनीता विल्यम्स आठ दिवसांसाठी गेल्या आणि २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये उतरल्या, पण इतके महिने राहून येणाऱ्यांना स्ट्रेचरवर घेणं ही नेहमीचीच पद्धत आहे, उभं राहिलं की रक्त पायात उतरून चक्कर येते म्हणून. आपले शुभांशू शुक्ला १८ दिवस स्टेशनवर राहून आले तर त्यांनाही हातातला फोन जड लागला होता.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. वर राहिलेल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यामागच्या नसेला सूज येते, डोळ्याच्या गोळ्याची मागची बाजू चपटी होते, जवळचं वाचायला चष्मा लागतो. आणि कोलोनलाच ३० दिवसांच्या एका प्रयोगात, जिथे उशी अजिबात दिली नव्हती आणि खोलीतला कार्बन डायऑक्साइडही थोडा वाढवला होता, तिथे काही जणांच्या नसेला तशी सूज दिसली होती. म्हणजे बेडवर हे होऊच शकत नाही असं कुणी मुलाला सांगितलं तर ते खरं नाही. डोळ्यांची तपासणी किती दिवसांनी करणार आणि सूज दिसली तर बेडवरून उठवणार का, हा प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे.

पण ताई, तुमचं पत्र मी तीन-चारदा वाचलं आणि मला सारखं वाटत राहिलं की तुमची भीती नेटवरून आलेली नाहीये. अडीच पानी पत्रात सासूबाईंवर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "त्यांचं सगळं मीच केलं". ते सगळं म्हणजे काय असतं ते मला माहितीय. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री पण, पाठ लाल झालीय का बघायची, एअर बेडचा पंप बंद तर पडला नाही ना म्हणून आवाज ऐकत झोपायचं. चादर बदलताना एका हाताने माणूस धरायचा. नर्सिंग ब्युरोची बाई एक दिवस आली नाही की पोटात गोळा. तुम्ही चार महिने एक शरीर डोळ्यांदेखत आटताना पाहिलंय, आणि आता तुमचा मुलगा आपणहून म्हणतोय की मी जाऊन तसाच पडतो. कुठल्याही आईच्या अंगावर काटा येईल. ही भीती अडाणी नाहीये, हे तर तुमचं अनुभवाचं ज्ञान आहे, त्या केंद्रातल्या भल्याभल्यांना जे यंत्रावर मोजावं लागतं ते तुम्हाला हाताला कळलेलं आहे.

फक्त त्या दोन बेडमध्ये फरक काय आहे तेवढा बघा. सासूबाईंचं वय, आधीच झिजलेलं हाड, मोडलेलं हाड, आणि मनात "आता आपण उठणार नाही" हे. मुलगा २६ चा, निवडीतच हाडं, रक्त, हृदय सगळं तपासून घेतात, आणि हाताशी चोवीस तास माणसं. तो हलू शकतो, कुशीवर वळू शकतो, त्यामुळे बेडसोरचं जे तुम्ही पाहिलंत ते चित्र तिथे नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे सासूबाईंना उठता येत नव्हतं, याला कुठल्याही दिवशी उठून "मला जायचंय" म्हणता येतं, कारण द्यायची पण गरज नाही. माणसांवरच्या प्रयोगांचा हा जगभर मानलेला नियम आहे, १९६४ च्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यापासूनचा.

"दुसऱ्यांसाठी का" याचं उत्तर पण मला तुमच्याच घरात दिसतं. पूर्वी हार्ट अटॅक आला की आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे, लोक त्यानेच खचायचे. ते बदललं त्यात डॅलससारख्या प्रयोगांचा हातभार आहे. आज खुब्याचं ऑपरेशन झालं की बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. तो पडणार आहे तो फक्त मंगळावर जाणाऱ्यांसाठी नाही, जगभरच्या सासूबाईंसाठी पण आहे. अर्थात एवढ्यावरून "जाऊ दे त्याला" असं मी म्हणत नाही, कारण धोका खरा आहे आणि तो त्याच्या अंगावर आहे, माझ्या नाही.

धोका काय ते पण स्वच्छ सांगते. पहिल्या आठवड्यात पाठ भयंकर दुखते, डोकं जड, नाक चोंदलेलं, हे बहुतेकांना होतं आणि जातं. गंभीर म्हणजे रक्ताची गाठ. शरीर हललं नाही की शिरेत रक्त साकळू शकतं, ती गाठ फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. स्पेस स्टेशनवर पण एकांच्या मानेतल्या शिरेत गाठ सापडली होती, पृथ्वीवरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त पातळ करायची औषधं देऊन ती सांभाळली. दुसरं म्हणजे हाड. स्नायू काही आठवड्यांत, महिन्यांत परत येतात, हाड फार हळू. १७ अंतराळवीरांच्या अभ्यासात परत येऊन वर्ष झालं तरी ९ जणांच्या नडगीचं हाड पूर्ण भरलं नव्हतं. ते बहुतेक सहा-सहा महिने राहिलेले, याचे दोनच महिने, आणि जमिनीवर, त्यामुळे तेवढं होईल असं नाही, पण दोन आठवड्यांच्या रिकव्हरीत सगळं पहिल्यासारखं होतं असं त्याने समजू नये. तिसरं, मन. ६० दिवस एक छत बघणं. घरी काही झालं तर धावत येता येणार नाही, म्हणजे येता येईल, पण सगळं सोडून.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबण लावलं ती. लोन. तुम्ही पत्रात लोनचा आकडा लिहिलात, मुलाने तो तुम्हाला फोनवर किती वेळा म्हणून दाखवला? १६,५०० युरो म्हणजे त्याच्या हिशोबात अर्ध्याहून जास्त लोन फिटलं, बाबांचा हप्त्याचा ताण गेला. त्याला खरंच या विषयाचं वेड असेल, एरोस्पेसवाला आहे, असणारच, तर त्याचा विचार वेगळा. पण तो जर "आईबाबांवरचा बोजा कमी करतो" म्हणून अंग विकायला निघाला असेल आणि वर विज्ञानाचं नाव देत असेल तर ती संमती मोकळी नाही, मग कागदावर कितीही सह्या होवोत. आणि अशा माणसाला अर्ध्यावर उठायची मुभा असून उपयोग नसतो, कारण त्रास झाला तरी तो पैशासाठी दात-ओठ खाऊन पडून राहील, सांगणार नाही. हे तपासायचं कसं? मिस्टरांनी फोन करायचा, तुम्ही नाही. त्यांनी सांगायचं की "लोन आपण दोघं मिळून फेडू, तू नोकरीला लागलास की, पाच वर्षं लागली तरी चालतील. आता सांग, पैसे शून्य असते तर तू गेला असतास का?" आणि मग गप्प बसायचं, त्याला वेळ द्यायचा. "पडून तर राहायचंय" म्हणणाऱ्या वडिलांच्या तोंडून हे आलं तर मुलगा खरं बोलेल असं मला वाटतं.

तो म्हणाला की हो, तरी गेलो असतो, तर पुढचं काम तुमचं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. निवड होताना घरातल्या आजारांचं विचारतात आणि २६ वर्षांच्या मुलांना त्यातलं काही माहीत नसतं, "नो" वर टिक करून मोकळे होतात. तुम्ही वही घेऊन बसा. माहेरी-सासरी कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का, कुणी तरुणपणी अचानक गेलं का, बाळंतपणानंतर कुणाचा पाय सुजून राहिला होता का, कुणाला काचबिंदू, कुणाला मुतखडा, आणि सासूबाईंचं हाड नुसतं घसरून मोडलं की हाडं आधीच ठिसूळ होती, त्यांचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाला असेल तर त्याचा रिपोर्ट फाईलमधून काढा. मुलाचं लहानपणी काही मोडलं होतं का. हे सगळं त्याला मराठीत टाईप करून पाठवा, तो तिथल्या डॉक्टरला सांगेल. गाठीचा किंवा मुतखड्याचा इतिहास खरोखरच निघाला तर कदाचित तेच लोक त्याला नको म्हणतील, आणि ते तुमच्या शपथेपेक्षा हजारपट चांगलं कारण असेल.

त्याने तिथे काय विचारायचं ते पण सांगते, आणि कुठल्याही क्लिनिकल ट्रायलला नाव देणाऱ्या प्रत्येकाने हेच विचारावं, ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत असलात तरी. अर्ध्यावर उठलो तर पैसे किती मिळणार आणि कशा हिशोबाने. प्रयोगात काही झालं तर उपचार कोण देणार, किती वर्षं, विमा कुणाचा आणि मी भारतात परतलो तर तो लागू का. मी कुठल्या गटात असेन ते कोण ठरवणार, कारण २०१९ मध्ये दोन गटांना रोज ३० मिनिटं गोल फिरणाऱ्या यंत्रावर ठेवत होते, वजनाचा भास द्यायला, आणि तिसऱ्या गटाला काहीच नाही, नुसतं पडून, आणि आपण कुठे पडू हे आपल्या हातात नसतं. गाठ होऊ नये म्हणून काय करता. नंतर सहा महिन्यांनी, वर्षाने हाडांची तपासणी आहे का. आणि त्याच्यापुरतं वेगळं म्हणजे स्टुडंट व्हिसावर हे चालतं का, सेमिस्टर बुडतं का, ते युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात लेखी विचारायचं. संमतीचा कागद एक दिवस घरी आणून, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला देऊन मग सही. घाई करणारा प्रयोग असेल तर तो सोडून द्यावा.

शपथ घालू नका ताई. चुकेल म्हणून नाही, त्याने तुमच्या हातातलं एकच खरं काम जाईल म्हणून. शपथ घातलीत तर तो एकतर मन मारून थांबेल, नाहीतर न सांगता जाईल. न सांगता गेला तर बाराव्या दिवशी पोटरी दुखायला लागल्यावर "आई, एक पाय जरा सुजल्यासारखा वाटतोय" हे तो कुणाला सांगणार? तुम्हाला तर ते वाक्य ऐकताक्षणी कळेल की आत्ताच्या आत्ता डॉक्टरला हाक मार.

ज्यांच्या घरी आत्ता कुणी बेडवर आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. डॉक्टरांना "किती दिवस आराम" विचारता तेव्हा त्याच वेळी "कुठल्या दिवसापासून उठवायचं" हे पण विचारा आणि फिजिओ पहिल्या आठवड्यातच बोलवा, बिल भरताना नाही. बेडवर बसवता येत असेल तर जेवण बसूनच द्या, पाय खाली सोडून. घोट्यापासून पाऊल वर-खाली करणं झोपूनही होतं, दर तासाला दहा वेळा. परवानगी असेल तर तळवे रोज दोनदा जमिनीला टेकवा. आणि माइंडस्पेससारख्या आयटी पार्कमध्ये दहा-दहा तास खुर्चीत बसणाऱ्या सगळ्यांनी मधूनमधून उठून एक मजला जिना चढा.

तुम्ही स्वतः मात्र उद्यापासून चालायला जा. वय तुम्ही लिहिलं नाहीत पण २६ वर्षांचा मुलगा आहे म्हणजे तुमची हाडं आता ज्या वयात आहेत त्यात पाळी गेल्यावर झीज भराभर होते, आणि गेल्या वर्षी चार महिने तुम्ही दुसऱ्याच्या बेडभोवतीच फिरलात. सासूबाईंची फाईल, ती वही, आणि खाडीकडचा तो रस्ता, एवढं या आठवड्यात. मिस्टरांचा फोन झाला की मुलगा पैशांच्या प्रश्नावर काय म्हणाला ते मला कळवा, त्याचं उत्तर आल्यावर पुढचं बोलू.